कुंद्याची रेघ

मी एकतीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. हे वाक्य पूर्वी मी छाती पुढे काढून म्हणायचो. मालनआत्ती भेटल्यापासून जरा हळू आवाजात म्हणतो, आणि शक्यतो शेतात म्हणत नाही.

निवृत्त झाल्यावर कागलच्या पलीकडं एका गावात मी दीड एकर रान घेतलं. वडिलांकडून सातबारावर नाव आलेलं होतंच, त्यामुळं शेतजमीन घ्यायला कायद्याची हरकत नव्हती. हरकत होती ती बायकोची. कोल्हापुरात मंगळवार पेठेत जन्म काढलेल्या माणसाला साठीनंतर मातीचं वेड लागलं, तर घरच्यांनी त्याला डॉक्टरकडं न्यावं, रजिस्ट्रारकडं नव्हे, असं तिचं म्हणणं. पण मी ऐकलं नाही. रोज सकाळी स्कूटर काढायची, रानात जायचं आणि दुपारी चेहरा लाल करून परत यायचं, असा माझा नेम सुरू झाला.

पहिल्या वर्षी मी वांगी लावली. रोपं छान धरली, फुलावर आली, आणि मग एकेक करून माना टाकायला लागली. बुडाशी बघतो तर मातीतून पिवळट, बिनपानांची दांडकी वर आलेली. त्यांना फिकट जांभळी फुलं. मी ओळखलं. ओरोबँकी. स्वतःला अन्न तयार करता येत नाही म्हणून दुसऱ्याच्या मुळाला चिकटून जगणारी परजीवी वनस्पती. वर्गात तिच्यावर मी दरवर्षी पाऊण तास बोलत असे. पण ती माझ्याच रानात का उगवली, हे मात्र मला सांगता येईना. बी तर मी नामांकित दुकानातून आणलं होतं. मी त्या दुकानदाराला फोन करून बरंच तोंडसुख घेतलं.

भांगलणीला त्या दिवशी पाच बायका सांगितल्या होत्या. भांगलण म्हणजे खुरप्यानं तण काढणं. त्यातल्या चौघी थेट रानात उतरल्या आणि पाचवी बांधावरच उभी राहिली. ठेंगणी, काटकुळी, पासष्टीच्या पुढची. नऊवारी लुगडं आणि त्यावर कुठल्यातरी कंपनीतला पुरुषी निळा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तिनं पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि नुसती बघत राहिली. मला वाटलं, म्हातारी हजेरी भरायला आलीय, काम काही करणार नाही. मी तसं तोंडावर बोललोही.

"बघू द्या की जरा," ती म्हणाली. "रान पैल्यांदा बघालोय."

स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलायची कोल्हापूरकडच्या बायकांची ही रीतच. मी आलो, मी गेलो, मी बघतो. मग ती वांग्याच्या सरीपाशी आली, त्या दांडक्याला बोट लावलं आणि म्हणाली, "सर, हितं तंबाकू हुती."

"कशावरून?"

"ह्यो बंबाखू न्हाई का? तंबाकूच्या मुळावर जगणारा. लोकांनी तंबाकू सोडून ऊस धरला, ह्याचं बी मातीत झोपून ऱ्हायलं. पंधरा वर्सं, ईस वर्सं. त्येला काय घाई न्हाई. तुमी वांगी लावलासा. वांगं तंबाकूचं भाऊबंद. मुळाचा वास आला आन उठला त्यो."

मी बघतच राहिलो. वांगं आणि तंबाखू एकाच कुळातली, हे मला पाठ होतं. यजमानाच्या मुळातून पाझरणाऱ्या द्रव्यामुळं याचं सुप्त बी जागं होतं, हेही पाठ होतं. माझा पाऊण तास तिनं एका दमात संपवला होता, आणि शिवाय जे मला कधी सुचलं नव्हतं तेही सांगितलं होतं. मी जमीन विकणाऱ्याला फोन लावला. "व्हय की सर," तो म्हणाला, "वडलांच्या काळात सगळी तंबाकूच हुती. का वो?"

ती मालनआत्ती. गावात लहानथोर सगळे तिला आत्तीच म्हणत, मीही म्हणू लागलो.

त्याच दिवशी ती रानभर हिंडली आणि मी वही घेतलेला विद्यार्थी होऊन तिच्या मागे हिंडलो. वरच्या कोपऱ्यात काटेमाठ माजला होता. ती म्हणाली, हितं उकिरडा हुता, काटेमाठाला खतकुजीची जागा लागते. मधल्या पट्ट्यात सराटा पसरला होता, तो आपल्या पावसाच्या भागात एवढा नसतो. म्हणजे इथं कुणीतरी खतासाठी मेंढरं बसवली होती आणि ती मेंढरं उगवतीकडच्या दुष्काळी गावांतून चालत आली होती, खुरात काटे घेऊन. मग एका ठिकाणी ती थांबली. आजूबाजूचं रान वाळून खडखडीत, आणि तिथं मात्र हातभर जागेत हिरवागार माका. माका ओलीशिवाय राहत नाही. "हितं खाली पाइप गळत्या," ती म्हणाली आणि पुढं गेली. दुसऱ्या दिवशी मी उकरून पाहिलं. जोड सुटला होता. बिल माझं आणि पाणी माक्याचं, असं किती महिने चाललं होतं कोण जाणे.

"आत्ती, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"कोन शिकिवणार? पन्नास वर्सं खाली मान घालून काढली. वर बघायला सवड मिळाली असती तर चांदण्या तरी शिकलो असतो."

तिचं एक ठरलेलं होतं. ती 'तण' हा शब्द क्वचितच वापरी. हरळी, केना, कुर्डू, लव्हाळा, दुधाणी, सगळ्यांना नावानं बोलवी आणि शिव्याही नावानंच देई. केना उपटला की तो बांधावर टाकायचा नाही, पाटीत भरून म्हशीला घालायचा, हा तिचा कायदा. मी एकदा शहाणपणा करून दोन सऱ्यांतला केना स्वतः उपटला आणि बांधावर रचून ठेवला. चार दिवस पाऊस झाला. केन्याच्या प्रत्येक पेराला मुळं फुटली आणि माझा बांध हिरवा झाला. आत्तीनं तो बांध बघितला, मला बघितलं. मग केन्याचं एक रोप हलक्या हातानं खोदून काढून माझ्या तळहातावर ठेवलं. मुळांच्या जवळ, मातीच्या आत, पांढुरके फुगीर कोंब होते. केन्याला जमिनीखालीही फुलं येतात आणि तिथंच बी धरतं. हे पुस्तकात आहे. त्याचं चित्र मी फळ्यावर काढत असे, रंगीत खडूनं. प्रत्यक्षात पाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

"वरचं आमी उपटतो म्हणून त्यानं खाली दुकान काढलंय," आत्ती म्हणाली.

तिचं सगळं बोलणं याच वळणानं जाई. तण आपोआप येतं असं ती मानतच नसे. माणूस रानात जे करतो त्याचा हिशेब तण ठेवतं, असं तिचं मत. मी पुढं लावलेल्या उसात तीन वर्षं सलग एकच तणनाशक मारलं होतं. रुंद पानांचं सगळं मेलं, रान आठ दिवस दाढी केल्यासारखं दिसलं, आणि मग लव्हाळ्यानं आणि हरळीनं ते ताब्यात घेतलं. मी चिडून रोटाव्हेटर घातला. हरळीचे तुकडे झाले आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र संसार मांडून बसला.

"जे गरीब हुतं ते मारलासा," आत्ती म्हणाली. "दांडग्याला जागा करून दिलासा. आन वर चिरून एकाचं शंभर केलासा. आता त्येची काय चूक?"

पण मला ती सगळ्यात मोठी वाटली ती भाताच्या तरव्यात. तरवा म्हणजे भाताची रोपं वाढवायचा वाफा. त्यात पाखड नावाचं गवत येतं, ते हुबेहूब भाताच्या रोपासारखं दिसतं. मी चष्मा पुसून पुसून बघितलं तरी मला फरक कळेना. आत्ती वाफ्याच्या कडेला बसली, डोळे मिटले आणि रोपांतून हात फिरवायला लागली. अंगठा पानाच्या सांध्यावरून सरकायचा आणि मध्येच एक रोप उपटलं जायचं. भाताच्या पानाला जिथं ते दांड्याला मिळतं तिथं बारीक जीभ असते आणि लव असते. पाखडीला ती नसते, सांधा कोरा. दहा मिनिटांत तिनं पंधरा-वीस रोपं काढून माझ्यापुढं टाकली. मी एकेकाचा सांधा भिंगाखाली तपासला. एकही भात निघालं नाही.

"ह्येला भाताचं सोंग आमीच शिकिवलं, सर," ती म्हणाली. "माज्या आजीनं, तिच्या आजीनं. जे येगळं दिसलं ते उपटलं. जे भातागत दिसलं ते वाचलं, त्येचं बी पडलं. असं करत करत ह्ये भातच झालं. आता आमालाच वळखंना."

माझ्या विषयातली मोठी मोठी माणसं आयुष्य खर्चून ज्या निष्कर्षाला आली, तो ही निरक्षर बाई चिखलात बसून, हात न थांबवता सांगत होती. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी बायकोला म्हटलं, माझी पीएचडी काढून तिला द्यायला पाहिजे. बायको म्हणाली, आधी तिची मजुरी वाढवा. ती मी वाढवली.

आता दुसरी बाजू सांगायला हवी, कारण आत्ती काही देवमाणूस नव्हती. ती कमालीची भांडखोर होती. आणि तिचं सगळ्यात जुनं भांडण बांधाचं होतं.

तिचं स्वतःचं रान वीस गुंठे, माझ्या रानापासून हाकेच्या अंतरावर. त्याला लागून दत्तूनानाचं. दत्तूनाना म्हणजे तिच्याच वयाचा, उंच, सुकलेला, मितभाषी माणूस. दोघांच्या रानांमध्ये एक बांध. आत्तीचे मालक गणूतात्या हयात होते तेव्हापासून नानाचं म्हणणं होतं, की गणूनं दरवर्षी नांगर थोडा थोडा आत घालून बांध कोरला, आणि तो सरकत सरकत नानाच्या रानात गेला. दोन सऱ्यांची जागा गणूनं खाल्ली. सरकारी मोजणी आणायला दोघांनाही परवडत नव्हतं, की दोघांनाही मोजणीचीच भीती होती, ते मला कळलं नाही. गणूतात्या वारले त्या वर्षी नाना पुन्हा बोलला, तेव्हा आत्ती तडक बिरदेवाच्या देवळात गेली आणि चार माणसांसमोर देवाच्या हळदीचा भंडारा उचलला. आमच्याकडं भंडारा उचलून बोललेला शब्द शेवटचा. "माज्या मालकानं कुणाची चिमूटभर माती खाल्ली न्हाई," ती म्हणाली. नाना त्यावर गप्प झाला. कायमचा. बारा वर्षं दोघांत शब्द नव्हता.

मला हे तिनंच सांगितलं, ठसक्यात. वर नानालाच नावं ठेवली. "बांध साफ ठेवायला नको त्येला. त्येच्या बांधाचा कुंदा माज्या रानात शिरतोय. दर आठ दिसाला उपटतो मी."

कुंदा हे जाड पात्याचं गवत. त्याची मुळं कंबरभर खोल जातात. जिथं नांगर लागत नाही, तिथं त्याचं राज्य. म्हणून तो बांधावर असतो. खुरप्यानं वरचं निघतं, खालचं तसंच राहतं. तरी आत्तीच्या रानात कुंद्याचं पातं कधी वीतभर झालेलं मी पाहिलं नाही. आठ दिवसांच्या वर तिच्या रानात काही वाढूच शकत नसे. गावात म्हणत, मालनच्या रानात जेवायला बसावं.

दोन वर्षांपूर्वी मृग लागायच्या सुमाराला ती गोठ्यात घसरली आणि उजवा हात मनगटावर मोडला. प्लास्टर झालं. मुलगा संभा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पाळीला जायचा, त्याला सवड नव्हती. सून पोटुशी, माहेरी. बायका मिळाल्या नाहीत. पेरणीची वेळ टळली आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा आत्तीचं रान पड राहिलं.

मी जाऊन येऊन बघत असे. ती रोज बांधावर येऊन बसायची, हात गळ्यात बांधलेला. समोर तिचं रान हळूहळू उठत होतं. आधी कुर्डू, मग केना, मग गवतं. मी म्हटलं, "आत्ती, जीव तळमळत असेल."

"तळमळतोय की," ती म्हणाली. "पर बघायला बी मिळालंय. माजं रान म्या कधी बघितलंच नव्हतं."

श्रावणातल्या एका सकाळी संभाचा फोन आला. आई बोलवत्या, म्हणाला. आवाज बरा नव्हता. मी गेलो तर दोघं रानात उभे होते आणि दोघांचीही तोंडं दोन दिशांना होती.

"सर, तुमी शिकलेलं," आत्ती म्हणाली. "ह्ये काय दिसतंय ते सांगा."

मी पाहिलं. सबंध रानात चार तऱ्हेचं तण गुडघाभर वाढलेलं, आणि त्यातून, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, कमरेइतक्या कुंद्याची एक रांग. सरळ. हातभर रुंद. बांधापासून दोन सऱ्या आत.

जुना बांध तिथं होता, हे मी समजलो आणि न समजल्यासारखं केलं. "कुंदा आहे," मी म्हणालो.

"कसा हाय?"

"ओळीत आहे."

"बांधावरनं आत आला असता तर कसा आला असता? बांधापाशी दाट आन आत इरळ. हितं बांधापासनं रेघेपतुर कुंद्याची एक काडी न्हाई. दोन सऱ्या मोकळ्या. मंग एकदम रेघ."

मला आजही लाज वाटते, पण मी त्या वेळी माझी विद्या काढली. मी म्हणालो, "आत्ती, कुंद्याचं बी वाऱ्यानंसुद्धा येतं. असं नक्की काही सांगता येत नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणून ती जास्त लागली. "वाऱ्याला सुतळी धरायला कोन गेलतं, सर?"

संभा म्हणाला, "आई, गप बस की. तात्या गेलं. नाना बी थकलाय, त्यो इसरला असंल. बरं झाल्यावर चार दिसात भांगलून टाकू. कोन इचाराय येतंय?"

"इचारत न्हाई कोन," आत्ती म्हणाली. "दिसतंय की."

"लोक तात्याला चोर म्हणतील. तुजा भंडारा खोटा पडंल. आन दोन सऱ्या जात्यात त्या येगळ्याच. वीस गुंठ्यातनं काढून दे, आन मग आमी काय खायाचं?"

तो चुकीचं बोलत नव्हता. वीस गुंठ्यांत दोन सऱ्यांना किंमत असते, आणि बापाच्या नावाला त्याहून जास्त. आत्ती डाव्या हातानं कुंद्याचं एक पातं धरून उभी राहिली, उपटलं मात्र नाही. मी तिथून निघालो तेव्हा मला मनापासून वाटत होतं, की हिनं ऐकावं आणि गप्प बसावं. दुसऱ्याच्या रानाबद्दल खरं बोलणं निराळं. हे तिचं स्वतःचं होतं, आणि तिच्यासमोर तिचा मेलेला नवरा होता.

रविवारी तिचाच निरोप आला, गाडी घेऊन या. मी तिला स्कूटरवर मागे बसवून बिरदेवाच्या देवळात नेलं. रविवार म्हणून बरीच माणसं होती. ओसरीच्या खांबाला टेकून दत्तूनाना बसला होता, नेहमीसारखा, कुणाशी न बोलता. आत्ती पायरीशी उभी राहिली. प्लास्टरचा हात गळ्यात, डाव्या हातात भंडारा. तिचा आवाज एरवी दोन रानं ओलांडून जायचा. त्या दिवशी लोकांना पुढं सरकावं लागलं.

"बारा वर्सांमागं हितं म्या भंडारा उचलला हुता. त्यो खोटा हुता. मला म्हायती नव्हतं, पर खोटा हुता. बांध आमी कोरला. दोन सऱ्या नानाच्या हायत. माज्या रानात कुंद्याची रेघ उठल्या, ज्येला बघायची त्येनं बघा."

संभा मागे उभा होता, मला तो दिसला तेव्हाच कळलं की तो आलाय. तो दबक्या आवाजात म्हणाला, "आमी कोन? तू कुटं हुतीस त्यात?" पण तिनं मागे वळून पाहिलं नाही. भंडारा देवाला वाहिला, कपाळाला लावला आणि ती माझ्या स्कूटरपाशी येऊन थांबली. दत्तूनाना खांबाला टेकूनच होता. त्यानं डोक्याचा टॉवेल काढून मांडीवर ठेवला होता आणि त्या टॉवेलाकडंच बघत होता.

दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आत नाना आत्तीच्या रानात आला होता. तो कुंद्याच्या रांगेतून वरपासून खालपर्यंत एकदा चालला. पायानं पानं बाजूला करत, सावकाश. खालच्या टोकाला गेला आणि तिथं पाठमोरा बराच वेळ उभा राहिला. मग परत आला.

"मालन," तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता. तू बोललीस, मला पोचलं. दोन सऱ्यांनी मी आता कुटं जातोय."

"तुमी सोडशीला नाना," आत्ती म्हणाली. "मी कशी ठिवू? दोरी आनलाईसा का मी आनू?"

दोरी संभानं आणली. खुंट्यासुद्धा त्यानंच तासून आणल्या होत्या. आत्तीनं डाव्या हातानं दोरीचं टोक धरलं, नानानं दुसरं, आणि कुंद्याच्या रेघेवर दोरी ताणली. एक बोटभरही इकडं तिकडं झाली नाही. संभानं खुंट्या ठोकल्या. अर्ध्या तासात काम संपलं. मी काहीच केलं नाही, नुसता बघत होतो. आयुष्यात मोठमोठ्या विद्वानांची भाषणं मी ऐकली आहेत. एवढं काही वाटल्याचं आठवत नाही.

नाना आपल्या रानात बैलं सोडायला गेला. आत्ती दमून माझ्या शेजारी दगडावर टेकली. मला विचारल्याशिवाय राहवेना.

"आत्ती, तात्यांचा राग आला का?"

ती म्हणाली, "राग कसला येतोय. त्यो औत हाकायचा, त्येच्या मागनं भांगलत कोन हुतं? मीच की. जुन्या बांधाचा कुंदा दर आठ दिसाला वर यायाचा, आन दर आठ दिसाला म्या उपटायचा. एकदा बी वाढू दिला न्हाई. वाढू दिला असता तर तवाच दिसला असता, मला बी आन गावाला बी. त्येनं कोरलं आन म्या पुसलं, सर. दोघांनी मिळून केलंय. एकट्याच्या नावावर कशाला घालू?"

मग कळलं, देवळात ती 'आमी' का म्हणाली होती. आणि हेही कळलं, की दुसऱ्याची रानं ती घडाघडा वाचत होती तेव्हा स्वतःचं रान तिला का वाचता आलं नव्हतं. तिच्या हाताची ती करामत होती. ज्या हातापुढं मी चार वर्षं मनोमन हात जोडत होतो, त्याच हातानं इतकी वर्षं खोटं झाकलं होतं, आणि ते ती माझ्यासमोर इतक्या सरळपणे सांगत होती की त्यात कुठं रडणं नव्हतं.

मी तिला पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. पुढं पाऊस लांबला, माझे गुडघे धरले आणि माझ्या रानातल्या फेऱ्या थांबल्या. दिवाळीत ती इचलकरंजीला लेकीकडं गेली, आणि तिथंच थंडीत, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन वारली. मला फोन आला तेव्हा सगळं झालेलं होतं.

त्या दिवशी दगडावरून उठून ती घराकडं निघाली. सडकेला जायची जवळची वाट त्या दोन सऱ्यांवरून होती, मग नानाच्या रानातून. दोरीपाशी येऊन ती थांबली. कालपर्यंत ती माती तिची होती. तिथली ढेकळं तिनं वर्षानुवर्षं हातानं फोडली होती. तिनं चपला काढून हातात घेतल्या, एक पाय उचलला आणि तसाच धरून पलीकडं हाक दिली.

"नाना, तुमच्या रानातनं जातो हां."

नाना बैलांपाशी होता. त्यानं मान वर केली. तो लगेच काही बोलला नाही, आणि ती लगेच पुढं गेली नाही.

"जा की," तो म्हणाला.

मग तिनं पाय टेकला.